टाचेखालचं बूच

काही तुटलं की आमच्या गल्लीत ते आधी माझ्याकडे येतं, मग कचऱ्यात जातं. कोणी कपाचा कान घेऊन येतं, कोणी चष्म्याची दांडी, कोणी नातवाच्या मोटारीचं चाक. आल्या आल्या म्हणतात, "मावशी, कशानंही चिकटवून द्या." हे 'कशानंही' ऐकलं की माझं डोकं फिरतं. अरे, कशानंही काहीही चिकटत असतं तर मग काय पाहिजे होतं! मी आधी विचारते, वस्तू कशाची आहे? तिला पाणी लागणार का? ऊन लागणार का? वापरताना ती वाकणार का? याची उत्तरं आल्याशिवाय मी माझा डबा उघडत नाही. लोकांना वाटतं, म्हातारी भाव खाते. खाते तर खाते.

हे प्रश्न माझे नाहीत, माझ्या वडिलांचे आहेत. अमरावतीच्या एका हायस्कुलात ते विज्ञान शिकवत. बाहेर अगदी शांत माणूस, पण घरात कशाचा तुकडा पडला की त्यांच्या अंगात यायचं. आणि हे वेड त्यांना लागलं ते माझ्या डाव्या पायामुळे.

मी लहान असताना मला ताप आला. तो उतरला, पण जाताना डाव्या पायाची वाढ घेऊन गेला. उजवा पाय वाढत राहिला, डावा मागे पडला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय असाच राहणार, पण डाव्या बुटाखाली जाडी दिली तर पोरीची कंबर वाकडी होणार नाही. आधी ती जाडी लाकडाची दिली. बूट इतका जड झाला की मी तो नुसती ओढत फिरायची. मग वडिलांना बूच सुचलं. बाटलीला लावतात तेच बूच, पण त्याच्या पाट्या. आमच्या वऱ्हाडात कापसाच्या जिनांना काय तोटा. तिथं इंजिनाच्या सांध्यांत घालायला बुचाच्या पाट्या येत. वडिलांचा एक जुना विद्यार्थी जिनात फिटर होता, तो उरलेसुरले तुकडे आणून द्यायचा. वर बुटाचा तळ, मध्ये बुचाचे थर आणि खाली पातळ कातड्याचा तळवा, असा माझा डावा बूट तयार झाला. तो पहिल्यांदा घालून मी ओसरीपासून फाटकापर्यंत गेले तेव्हा आई रडली. वडील मात्र माझ्याकडे नाही, बुटाकडेच पाहत होते.

बूट हलका झाला, पण नवं दुखणं सुरू झालं. बुचात खिळा धरत नाही. शिवायला जावं तर त्याचा भुसा होतो. म्हणजे ते चिकटवलंच पाहिजे. आणि काय सांगू बाप्पा, चिकटवलेलं टिकतं कुठे! कधी शाळेच्या पायरीवर, कधी देवळात, कधी भर बाजारात मी पुढे जायची आणि माझा तळवा मागे राहायचा. पोट्ट्या हसायच्या. एकदा तोच तळवा उचलून मी एकीच्या पाठीत हाणला, तेव्हापासून जरा कमी हसायला लागल्या.

वडिलांनी एकेक गोष्ट करून पाहिली. पहिली म्हणजे कणकेची खळ, मोरचूद घालून केलेली. कागदाला आणि पुठ्ठ्याला तिच्यासारखं काही नाही. माझ्या सगळ्या पुस्तकांच्या पाठी खळीनंच धरलेल्या होत्या. पण बुटाला ती लावली आणि बूट कोपऱ्यात ठेवला, तर मोरचुदाला न जुमानता झुरळांनी सांधा खाऊन टाकला. मग बाभळीचा डिंक. तो पाकिटापुरताच शूर. वाळला की कडकडतो आणि ओला झाला की पुन्हा डिंकच होतो. लाख वितळवून लावली. लाख काचेला धरते, धातूला धरते, कप जोडायलाही चालते, पण तिला वाकणं ठाऊक नाही. चालताना पाय दुमडला की टक्‌ करून तुटायची. मी म्हणायची, ही लाख माझ्यासारखीच आहे, मोडेल पण वाकणार नाही. वडिलांना त्याचं हसू यायचं नाही.

शेवटी ते सरसावर येऊन थांबले. सुतार खुर्च्या जोडायला वापरतात तो सरस. त्याच्या लालसर वड्या रात्रभर भिजवायच्या, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात मंद आचेवर वितळवायच्या. सरस होतो जनावरांच्या कातड्याचा आणि हाडांचा, त्यामुळे आईनं तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत कधी येऊ दिला नाही. अंगणातल्या लिंबाखाली त्याची वेगळी शेगडी, वेगळी भांडी. वास असा सुटायचा की शेजारचे खिडक्या लावून घेत. आई म्हणायची, शाळेत शिकवता तेवढं पुरे नाही का, घरात काहून प्रयोगशाळा मांडता? पण सरस शिजला की बूट धरायला तीच यायची. कारण सरसाला थांबणं मंजूर नसतं. गरम आहे तोवर लावा, लावला की लगेच जोडा, जोडला की दाबून धरा. गार झाला की गेला. वडील लावायचे, मी जोडायची, आई वरून वरवंटा ठेवायची. सगळ्या घराची धावपळ, जसा काही दारात मांडव पडला आहे.

त्या लिंबाखालीच त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. बूट उघडला की मी चिडून तो फेकायची. ते उचलून आणायचे आणि उघडलेली तोंडं माझ्यासमोर धरायचे. "रडायच्या आधी पाहत जा," म्हणायचे. "दोन्ही तोंडं साफ असली तर समज सरस हरला. दोन्हीकडे बुचाचा भुसा असला तर सरस जिंकला, बूच फाटलं." माझ्या बुटाची तोंडं नेहमी साफ असायची. भुसा मी कधी पाहिलाच नाही. खरा चांगला सांधा कसा दिसतो हे आम्हाला दोघांनाही फक्त ऐकून माहीत होतं.

सरसावर माझी शाळा झाली, कॉलेज झालं, शिक्षकांची बी.टी. झाली. पावसाळ्यात बूट उघडायचा, हिवाळ्यात टिकायचा. त्या काळी माझ्या लग्नाचा विषय घरात क्वचित निघायचा, आणि निघालाच तर मीच तो मोडीत काढायची. मला एकच पाहिजे होतं. माझी भाकर मी कमवावी आणि तिच्यासाठी माझ्या पायानं चालत जावं. कोणाच्या खांद्याला धरून नाही. हे मी वडिलांना कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्यांना ते माहीत होतं. म्हणून अकोल्याच्या मुलींच्या शाळेत बाईंची जागा आहे असं कळल्यावर त्यांनीच अर्ज आणला. भेटीला बोलावणं आलं ते भर मे महिन्यात.

आदल्या दिवशी लिंबाखाली सरस शिजला. बूट नव्यासारखा झाला. सकाळी आम्ही दोघं अमरावतीहून निघालो, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि उन्हं चढता चढता अकोल्याला उतरलो. अकोल्याचं ऊन ज्यानं खाल्लं त्यालाच ठाऊक. वडिलांनी डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळला होता, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा होता. शाळेत पोचलो तर मोठ्या बाईंच्या खोलीला चहूकडून वाळ्याच्या ताट्या लावलेल्या. बाहेरून शिपाई तांब्या तांब्यानं पाणी मारून राहिला होता, आत सगळी फरशी ओलीचिंब आणि गारवा असा की जीव थंड झाला. मोठ्या बाई भल्या होत्या. मी उन्हातून आले, त्यातून माझा पाय असा, म्हणून त्यांनी माझी खुर्ची अगदी ताटीला लागून ठेवायला लावली. कौतुकानंच ना! मीही बसले. ताटीचं पाणी माझ्या बुटावर टपटपत होतं आणि मला ते बरं वाटत होतं. लिंबाखाली इतकी वर्षं सरस शिजवला, सरसाला पाणी चालत नाही हे पाठ होतं, पण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात गार फरशी पायाखाली आली की माणूस शहाणपण दाराबाहेर ठेवतो.

प्रश्न झाले, उत्तरं झाली. मला फळ्यावर व्याकरणाचा एक धडा शिकवूनही दाखवायचा होता. म्हणून मी उठले, पाऊल उचललं, आणि बूच आणि तळवा फरशीवर बसून राहिले. मी एकदम डावीकडे कलले. फळ्याची कड हाताशी आली म्हणून वाचले. मी खाली वाकून तो बुचाचा ठोकळा उचलला, टेबलावर ठेवला, आणि एका हातानं फळा धरून तसाच धडा शिकवला. कसा शिकवला देवाला माहीत. कान इतके गरम झाले होते की मलाच माझं ऐकू येत नव्हतं.

मोठ्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, शिकवता तुम्ही चांगलं, जागा तुम्हालाच द्यायची असं मला वाटतं. पण शाळा उघडते तेव्हा पाऊस लागलेला असतो. मैदान ओलांडून वर्गात जावं लागतं आणि आमचं मैदान म्हणजे काळी माती. असं भर मैदानात झालं तर मुलींसमोर तुम्हाला किती कठीण होईल. बुटाचं पक्कं करून या. नाही जमलं तर आधीच सांगा, म्हणजे दुसऱ्या बाईंना बोलावता येईल. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. म्हणूनच जास्त लागलं.

बूच हातात घेऊन मी बाहेर आले. वडील व्हरांड्यात बाकावर बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे. डोक्याचा दुपट्टा सोडला, माझ्यासमोर फरशीवर उकिडवे बसले आणि त्या दुपट्ट्यानं बूच बुटाला घट्ट बांधलं. स्टेशनपर्यंत ते त्या उन्हात बोडक्या डोक्यानं आले. मी दोनदा म्हटलं टांगा करू, म्हटलं दुपट्टा घ्या, मी एका बुटावर चालते. ते ऐकतात कुठे! गाडीत बसल्यावर त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, गाठ तपासली आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "सरस माझा होता. तू काहीच चुकली नाही." मला त्यांच्यावर इतकी माया आली आणि स्वतःचा इतका संताप आला, की बडनेरा येईपर्यंत मी दात आवळून बसले होते.

शाळा उघडायला महिनाभर होता. त्या महिन्यात आमच्या घराचं जे झालं ते आई मरेपर्यंत सांगायची. वडिलांनी बुचाचे आणि कातड्याचे लहान लहान तुकडे कापले आणि जे जे चिकट म्हणून जगात आहे ते लावून जोडले. मिळेल ती खळ, राळ, लाख, चपडा, सरसात तुरटी, सरसात जवसाचं तेल. काही जोड्या रांजणाशेजारी ओल्यात ठेवल्या, काही टिनावर उन्हात. अंगणात त्यांनी मुद्दाम काळ्या मातीचा चिखल केला. आमच्या वऱ्हाडच्या मातीइतकं चिकट दुसरं काही नाही. तिला कोणी सांगत नाही, तरी पावसात ती पायाची वहाण ओढून घेते. वडील प्रत्येक जोडी त्या चिखलात रुतवायचे आणि खेचायचे. रोज संध्याकाळी तुकडे वेगळे होऊन चिखलात पडलेले असायचे. तोंडं साफ.

सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशनही त्यांनी लावून पाहिलं होतं. रबराचं ते, म्हणजे वाकणारं, पाण्याला न भिणारं. त्याच्यावर त्यांची भिस्त होती. पण तेही सुटलं. जोडल्यावर आतल्या आत ओलं राहायचं आणि तुकडे एकमेकांवरून घसरायचे. त्यांनी ती नळी बाजूला फेकली आणि पुन्हा सरसाकडे वळले. दिवस संपत आले होते. एक दिवस मीच म्हटलं, बाबा, राहू द्या आता, त्यांना सांगून टाकू की दुसऱ्या बाईंना बोलवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, अजून पाऊस लागला नाही.

आणि मग त्यांच्या सायकलची हवा गेली. एवढंच झालं. रविवारची सकाळ होती, ते ओसरीवर पंक्चर काढत बसले होते आणि मी शेजारी तांदूळ निवडत होते. त्यांनी ट्यूब पॉलिशपेपरनं घासली. सोल्यूशन लावलं. ठिगळालाही लावलं. मग दोन्ही बाजूला ठेवून हातावर हात धरून बसले. मध्येच एक फुंकर घातली. बोटानं हळूच शिवून पाहिलं, बोटाला काही लागत नाही अशी खात्री झाल्यावर ठिगळ नेमकं टेकवलं आणि दाबलं. मी सूप खाली ठेवलं.

"बाबा, पंक्चरले तुमी घासता, फुंकर घालता, वाळायची वाट पाहता," मी म्हटलं. "मग माह्या बुटाले काहून घाई करता?"

त्यांचा हात ट्यूबवरच राहिला. सोल्यूशन होतं सायकलचं, पण हात होते सरसाचे. लावलं की लगेच जोडा, गार होऊ देऊ नका, हीच सवय इतक्या वर्षांची. सायकल ही सायकल होती, तिच्यासाठी ते थांबू शकत. माझा बूट हातात आला की त्यांना थांबवत नसे. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं आई आतून म्हणाली आणि मग तिलाच कसंतरी झालं, कारण त्यांचे डोळे भरले होते.

त्या दिवशी आम्ही सगळं उलटं केलं. बूच घासून खरखरीत केलं. सोल्यूशनचा एक हात लावला, तो बुचानं पिऊन टाकला. वाळू दिला, वर दुसरा हात दिला. कातड्यालाही तसंच. मग दोन्ही ओसरीवर ठेवून वाट पाहत बसलो. त्यांची बोटं सारखी पुढे जायची आणि मी ती मागे ओढायची. बोटाला लागेनासं झालं तेव्हा त्यांनी मला जोडायला सांगितलं. म्हणाले नीट पाहून टेकव, याला सरसासारखं सरकवता येत नाही, एकदा टेकलं ते टेकलं. मी श्वास धरून टेकवलं आणि ते हातोडीनं हळूहळू ठोकत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वेगळी जोडी तशीच करून चिखलात खेचली. ती सुटेना. मग पकडीनं धरून खेचली तेव्हा कुठे फाटली, आणि दोन्ही तोंडांवर बुचाचा भुसा होता. सगळीकडे भुसा. वडील ते तुकडे हातात घेऊन शेजाऱ्यांना दाखवत फिरले. शेजाऱ्यांना काय कळणार, पण त्यांनीही मान डोलावली.

मी अकोल्याला रुजू झाले. शाळेजवळ एक खोली घेतली. पाऊस आला, मैदानाचा चिखल झाला, काळ्या मातीनं माझा बूट ओढून पाहिला आणि सोडून दिला. मोठ्या बाई पहिले काही दिवस खिडकीतून माझ्या पायाकडे पाहायच्या, मग विसरून गेल्या. मीही विसरले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी खाली न पाहता चालायला लागले. हे सुख दोन सारख्या पायांच्या माणसाला सांगून कळायचं नाही.

दिवाळीला घरी गेले. ओसरीवर पोचते न पोचते तो वडील म्हणाले, बूट काढ. पाहते तर पाटावर सगळं मांडून ठेवलेलं: नवी सोल्यूशनची नळी, पॉलिशपेपर, हातोडी, बुचाची नवी पाटी. त्यांनी बूट उलटा केला, कड दाबून पाहिली, अंगठ्यानं ओढून पाहिली. कुठेच काही झालं नव्हतं. "पक्का आहे," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा फिरवून पाहिला. "अगदी पक्का." आणि सगळं सामान एकेक करून डब्यात भरलं. त्याच वर्षी ते शाळेतून निवृत्त झाले होते. ते डबा आत घेऊन गेले तेव्हा मला त्यांची पाठ दिसली. इतकी वर्षं या माणसानं माझा पाय स्वतःच्या हातानं उभा ठेवला, आणि आता त्या हातांना माझ्याकडे कामच उरलं नव्हतं.

आधी मी दुसऱ्या वस्तू नेऊन पाहिल्या. तेव्हा प्लास्टिक नवं नवं घरोघरी येत होतं आणि तितक्याच वेगानं मोडत होतं. वर्गातल्या मुलींच्या मोडक्या फण्या, साबणाची डबी, थर्मासच्या बुचावरची टोपी, सगळं पिशवीत भरून अमरावतीला न्यायची. वडील करून द्यायचे. काही फण्यांची कड ॲसिटोननं विरघळवून एकमेकींत बसवली की जोड दिसतही नसे. काही प्लास्टिकवर ॲसिटोन नुसतं पाण्यासारखं ओघळायचं. बादलीच्या प्लास्टिकला तर काहीच धरत नाही, असं त्यांनी निकालात काढलं. त्याला सोयरा मिळायचा आहे म्हणायचे. पण या सगळ्यात त्यांचं मन नव्हतं. काम झालं की नजर माझ्या बुटाकडे जायची. विचारायचे, तो कसा आहे? मी म्हणायची, पक्का आहे. बरं झालं, म्हणायचे.

पुढच्या सुट्टीला निघायच्या आधी मी अकोल्याच्या खोलीत भाजीची सुरी घेतली आणि बुटाची मागची कड उचकटली. सोपं नव्हतं. सांधा असा धरलेला की मला घाम आला. चालण्यापुरतं पुढचं शाबूत ठेवलं, मागे टाचेकडून चांगलं उघडं केलं. घरी गेले आणि तोंड पाडून म्हटलं, बाबा, पुन्हा सुटला. खोटं बोलले? बोलले. तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन. वडिलांनी बूट हातात घेतला, सांधा पाहिला, त्याच्यावरून अंगठा फिरवला. मग जे सुरू झाले! चिखलातून गेली असशील, बूट उन्हात ठेवला असशील, तुले किती खेपा सांगितलं. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. आईला म्हणाले, डबा आण. आणि ओसरीवर सतरंजी पडली.

मग तसंच होत गेलं. दर सुट्टीला मी सुरी चालवायची, घरी आले की बोलणी खायची, आणि आम्ही दोघं सोल्यूशन वाळायची वाट पाहत ओसरीवर बसायचो. त्या वेळात ते मला शाळेतलं विचारायचे. कोणती मुलगी हुशार, कोणती द्वाड, मोठ्या बाई काय म्हणतात. बूट हातात नसता तर असं बसून त्यांनी कधी विचारलं नसतं. आमच्याकडे बाप आणि लेक अशा गप्पा मारत नसत. बुचाचे थर बदलत गेले. आईला काही संशय आला असेल तर तिनं तो गिळला.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं तेव्हा वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हातही थोडा कापायचा. त्या उन्हाळ्यात मी घरी गेले, नेहमीसारखं तोंड पाडलं, नेहमीसारखं म्हटलं, सुटला. त्यांनी बूट घेतला. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून उघड्या सांध्यावरून बोट फिरवलं, आधी वरून, मग खालून. मी बोलणी ऐकायच्या तयारीत बसले होते. त्यांनी बोटाला लागलेला भुसा अंगठ्यानं चोळला आणि तो माझ्या तळहातावर ठेवला.

"सांधा नाही सुटला," ते म्हणाले. "बूच फाटलं आहे हे."

डोळे गेले म्हणून आज बोटाला कळलं असेल, असं म्हणावं तर डोळे चांगले होते तेव्हाही हाच भुसा असणार. दर खेपेला. लिंबाखाली मला तोंडं पाहायला ज्यांनी शिकवलं, त्यांनाच मी उचकटलेला सांधा दाखवत आले होते, आणि ते दर खेपेला तो पाहून मला चिखलातून चालल्याबद्दल रागावत आले होते. मी कसंबसं विचारलं, तुम्हाला केव्हापासून माहीत आहे? ते म्हणाले, पहिल्या खेपेपासून.

मग त्यांनी पॉलिशपेपर चाचपून घेतला आणि बूच घासायला लागले. मी रडत होते हे त्यांना ऐकू येत असणार. "पुढच्या खेपेले सुरी जरा पातळ घेत जा," ते घासता घासता म्हणाले. "बूच वाया जाते."

मी झाकण काढून नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बुचाला लावलं, मी कातड्याला लावलं. दोन्ही तुकडे सतरंजीवर ठेवले, आणि ते वाळायची वाट पाहत आम्ही बसून राहिलो.